‘काम पूर्ण’ म्हणजे नेमकं काय? दावा लावण्याआधी करारपत्र न्यायाधीशाच्या डोळ्यांनी वाचा

गोदामात लोखंडी रॅक बसवून देण्याचं काम मी घेतलं होतं. रॅक बसले, समोरच्यांनी त्यावर माल रचला आणि शेवटच्या 40 टक्के पैशांची वेळ आली तेव्हा उत्तर आलं, “काम अजून पूर्ण कुठे झालंय?” पुढे नोटीस, मध्यस्थी, दावा, उलटतपास हे सगळं ओघाने आलं. पहिल्या दिवसापासून मी एकच पालुपद धरलं होतं, “आमचं ठरलं होतं तसं मी केलं.” माझ्या वकिलांनी ते दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा करारपत्र माझ्यासमोर सरकवलं आणि म्हणाल्या, “तुमच्या मनात काय होतं ते कोर्टाला दिसत नाही. यात कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवा.”

ते बोट ठेवायला मला फार उशिरा जमलं. तुम्ही वकिलाकडे जाण्याआधीच ते करावं, म्हणून हे लिहितोय. हे सगळं भारतातल्या कायद्याबद्दल आहे, म्हणजे मुख्यतः भारतीय करार कायदा, 1872. वेगळं सांगितलं नसेल तर पुढे येणारी कायद्याची कलमं याचीच. मी वकील नाही. दावा चालवलेला एक वादी आहे, एवढीच माझी पात्रता.

1. आधी कागद जमवा, मत नंतर बनवा

हे सगळं एका फायलीत, तारखेच्या क्रमाने लावा:

- मूळ करारपत्र, सगळी परिशिष्टं, नकाशे आणि दरपत्रक
- करारापूर्वीचं कोटेशन आणि त्याला आलेला होकार
- खरेदी आदेश, डिलिव्हरी चलन, बिलं, ताबा-पावत्या
- सगळे ईमेल आणि व्हॉट्सॲप संदेश, तुमच्या विरोधात जाणारेसुद्धा
- बँकेचा खातेउतारा, टीडीएसच्या नोंदी
- कामाचे फोटो, मूळ फाइलच्या स्वरूपात

ईमेल आणि व्हॉट्सॲपची नुसती प्रिंट काढून भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63(4) प्रमाणे ही नोंद कोणत्या उपकरणातून, कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र सोबत जोडावं लागतं. जुन्या साक्षीपुरावा कायद्यातलं कलम 65ब ते हेच. अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या निवडणूक खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची सक्ती पुन्हा स्पष्ट केली. मूळ उपकरणच कोर्टापुढे ठेवता आलं तर गोष्ट वेगळी, पण दोन-तीन वर्षं फोन कोण जपून ठेवतो? निदान संदेश पुसू नका आणि फोन बदलताना बॅकअप घ्या.

2. करार झालाय का, ते बघा

सही-शिक्क्याचा कागद नाही म्हणून हातपाय गाळू नका. प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला, दोघांची राजीखुशी आणि कायदेशीर हेतू एवढं असलं की करार होतो, तोंडीसुद्धा होतो. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या 2010 च्या निकालात औपचारिक करारपत्रावर सह्या झालेल्या नसतानाही ईमेलच्या देवाणघेवाणीतून करार झाल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं.

उलट बाजूही बघा. ज्या ठरावाचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो कलम 29 प्रमाणे रद्दबातल. “दर नंतर बघू” अशा वाक्यावर उभं राहू नका.

3. करार तीनदा वाचा

माझा खटला याच पायरीवर फिरला, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

*पहिलं वाचन शब्दांचं.* न्यायालय सुरुवात कागदावरच्या शब्दांच्या साध्या, रोजच्या अर्थापासून करतं. व्यापारातला शब्द असेल तर त्या व्यापारात चालतो तो अर्थ. शब्द स्पष्ट असतील तर “आम्हाला म्हणायचं वेगळंच होतं” या बोलण्याला किंमत नाही. त्या वेळी त्या दोघांच्या जागी कुणी समंजस माणूस असता तर त्याने या शब्दांतून काय घेतलं असतं, ही कसोटी. सौदा एका बाजूला जड गेला म्हणून न्यायालय त्याची फेरमांडणी करून देत नाही.

*दुसरं वाचन सगळ्या कराराचं, एकत्र.* माझ्या करारातलं कलम 7 असं होतं: “रॅक बसवून वापरण्यायोग्य स्थितीत ताबा दिल्यापासून 30 दिवसांत उर्वरित 40 टक्के रक्कम देय राहील.” मी तेवढंच वाचत बसलो होतो. समोरच्या वकिलांनी कलम 2 काढलं: “पुरवठादार सर्व अनुषंगिक कामांसह रॅक उभारून देईल.” त्यांचं म्हणणं, प्रत्येक कप्प्याला क्रमांकाच्या पट्ट्या लावणं हे अनुषंगिक काम, पट्ट्या नाहीत म्हणजे काम अपुरं, आणि काम अपुरं म्हणजे पैसे नाहीत.

एक कलम दुसऱ्याला निरर्थक करणार नाही, अशा बेताने न्यायालय सगळी कलमं जुळवून वाचतं. ते जुळलंच नाही तर सर्वसाधारण कलमापुढे त्या मुद्द्यापुरतं लिहिलेलं खास कलम वरचढ ठरतं. छापील मजकूर आणि हाताने घातलेली ओळ यांत विरोध असेल तर हाताच्या ओळीला जास्त वजन, कारण ती त्या सौद्यासाठी मुद्दाम लिहिलेली असते. आमच्या परिशिष्टात पुरवायच्या वस्तूंची यादी होती आणि तीत पट्ट्या नव्हत्या. पण यादीच्या शेवटी “इत्यादी” होतं. करारात “इत्यादी” लिहिणाऱ्याला काय भोगावं लागतं ते मला विचारा.

*तिसरं वाचन विरोधकाचं.* शब्दाचे दोन अर्थ खरोखरच निघत असतील आणि दुसऱ्या कशानेही उलगडा होत नसेल, तर ज्याने मसुदा लिहिला त्याच्या विरोधातला अर्थ घेतला जातो. विमा पॉलिसीच्या वादांत हे नेहमी दिसतं. बँक ऑफ इंडिया विरुद्ध के. मोहनदास या 2009 च्या निकालात स्वेच्छानिवृत्ती योजनेचा मसुदा बँकांचा होता, म्हणून त्यातल्या संदिग्धतेचा भार सर्वोच्च न्यायालयाने बँकांवरच टाकला.

आमचा मसुदा कुणी लिहिला होता? मीच. इंटरनेटवरून उचलून, नावं बदलून. “सर्व अनुषंगिक कामांसह” हे भारदस्त वाटलं म्हणून ठेवलं होतं. निकालात पट्ट्यांचा खर्च माझ्या रकमेतून वजा झाला.

तरीही मुख्य मुद्दा मी जिंकलो, तो त्यांच्याच वागण्यामुळे. संदिग्ध कराराचा अर्थ लावताना त्या करारानुसार दोघे लगेच नंतर कसे वागले, हे बघता येतं. अब्दुल्ला अहमद विरुद्ध अनिमेंद्र किसन मित्तर या 1950 च्या निकालापासून ते चालत आलंय. ताब्याच्या चौथ्या दिवशीचे फोटो माझ्याकडे होते. रॅकवर वरच्या कप्प्यापर्यंत खोकी रचलेली, फोर्कलिफ्ट चालू. “वापरण्यायोग्य स्थिती” सिद्ध करायला आणखी काय हवं?

4. करार जिथे गप्प आहे, तिथे आशा बेताची ठेवा

“हे तर गृहीतच होतं” हे वाक्य कोर्टात रोज म्हटलं जातं. न्यायालय कधीकधी न लिहिलेली अट करारात वाचतंही, पण हात फार आखडता घेऊन. ती अट वाजवी हवी, तिच्याशिवाय व्यवहार चालूच नये अशी हवी, सांगायची गरजच नाही इतकी उघड हवी, नेमक्या शब्दांत मांडता यायला हवी आणि लिहिलेल्या अटींशी तिचा विरोध नसावा. या पाचही कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने नाभा पॉवर प्रकरणात (2017) तपासल्या. मोठ्या, वकिलांनी घडवलेल्या व्यापारी करारात अशी अट घुसवणं जवळपास अशक्यच.

काही पोकळ्या कायदाच भरतो. कामाची मुदत लिहिली नसेल तर कलम 46 प्रमाणे ‘वाजवी वेळ’, आणि वाजवी म्हणजे किती ते परिस्थितीवर.

5. तोंडी बोलणं कुठवर चालतं

करार लेखी झाला की त्याच्या अटी त्या कागदानेच सिद्ध करायच्या आणि तोंडी पुराव्याने त्या फिरवायच्या नाहीत, हा नियम. साक्ष्य अधिनियमाची कलमं 94 आणि 95 (जुनी 91 आणि 92). अपवाद आहेत: फसवणूक, दबाव, चूक; ज्या बाबतीत कागद गप्प आहे आणि जिचा त्याच्याशी विरोध नाही असा वेगळा तोंडी ठराव; व्यापारातली रूढी; आणि नंतर तोंडी केलेला बदल, मात्र मूळ करार नोंदणीकृत किंवा कायद्याने लेखीच असावा लागणारा नसेल तर.

संदिग्धता दोन जातींची असते आणि जुन्या साक्षीपुरावा कायद्यातच तिची झकास उदाहरणं आहेत. एक जण घोडा ‘1,000 किंवा 1,500 रुपयांना’ विकायचा करार लिहून देतो. हा गोंधळ कागदावरच दिसतो, म्हणून खरी किंमत कोणती ते सांगायला बाहेरचा पुरावा चालत नाही. दुसरा ‘माझं कलकत्त्याचं घर’ विकतो. त्याचं कलकत्त्यात घरच नाही, हावड्याला आहे, आणि खत झाल्यापासून ते विकत घेणाऱ्याच्या ताब्यात आहे. शब्द स्वच्छ आहेत, पण वस्तुस्थितीला भिडल्यावर अडतात. इथे पुरावा देता येतो.

तुमचा वाद घोड्याच्या जातीचा की घराच्या, हे आधीच ओळखा. साक्षीदारांची यादी निम्म्याने कमी होईल.

6. आता भंग झालाय का, ते कलमवार तपासा

“त्यांनी करार मोडला” हे दाव्यात चालत नाही. कोणतं कलम, कोणत्या तारखेला, कसं, हे सांगावं लागतं. कोऱ्या कागदावर चार रकाने पाडा: कुणाचं वचन, काय करायचं होतं, कधीपर्यंत, प्रत्यक्षात काय झालं. शेवटच्या रकान्यापुढे पुराव्याचा पान क्रमांक टाका. मी हा तक्ता केला तेव्हा माझ्याच नावापुढे दोन ओळी लाल निघाल्या.

*क्रम कुणाचा?* वचनं एकमेकांवर अवलंबून असतील तर आधी कुणी करायचं हे कलम 51 ते 54 वरून ठरतं. तुमचं काम आधी असेल आणि तुम्ही ते केलंच नसेल, तर समोरच्याचं ‘न देणं’ हा भंग ठरत नाही.

*उशीर झाला असेल तर?* कलम 55. वेळ हा कराराचा गाभा होता का, हे न्यायालय शोधतं. नुसतं “वेळ हे या कराराचं सार आहे” असं लिहून भागत नाही. त्याच करारात मुदतवाढ आणि उशिराचा दंड यांची सोय असेल तर ते वाक्य पातळ होतं. स्थावर मालमत्तेच्या विक्रीत सहसा वेळ गाभा मानत नाहीत, व्यापारी मालाच्या पुरवठ्यात मानतात.

याच कलमाचा तिसरा परिच्छेद फार थोडे लोक वाचतात. वेळ गाभा असतानाही तुम्ही उशिरा आलेलं काम स्वीकारलंत, आणि स्वीकारताना “नुकसानभरपाईचा हक्क राखून ठेवतो” असं कळवलं नाहीत, तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. माझे रॅक 18 दिवस उशिरा पोचले होते. त्यांनी उतरवून घेतले, चलनावर सही केली, एक अक्षर लिहिलं नाही. दीड वर्षानंतर कैफियतीत, म्हणजे माझ्या दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, उशिराचा दंड मागितला. तो मिळाला नाही. तुम्ही माल घेणाऱ्यांपैकी असाल तर चलनावर ती एक ओळ लिहायला विसरू नका.

*मुदतीआधीच नकार?* कलम 39. समोरच्याने संपूर्ण करार पाळायला नकार दिला किंवा स्वतःला असमर्थ करून घेतलं, तर तुम्ही करार संपवू शकता. मात्र तुम्ही शब्दाने किंवा वागण्याने “चालू द्या” म्हटलंत तर तो हक्क गेला. आणि रागाच्या भरात, किरकोळ त्रुटीवरून तुम्हीच करार संपवलात तर भंग करणारे तुम्हीच ठरू शकता. हा सापळा सगळ्यात महागडा. “करार रद्द करत आहोत” हे पत्र वकिलाला दाखवल्याशिवाय पाठवू नका.

7. “परिस्थितीच बदलली” ही सबब

कलम 56 प्रमाणे काम अशक्य झालं तर करार संपतो. सत्यब्रत घोष विरुद्ध मगनीराम बांगूर (1954) या निकालाने सांगितलं की अशक्य म्हणजे अक्षरशः अशक्यच असं नाही, व्यवहाराचा पायाच उखडला गेला तरी पुरे. पण त्याच खटल्यात महायुद्धात जमीन सरकारने तात्पुरती ताब्यात घेऊनही करार संपला नाही असंच ठरलं. भाव वाढले, नफा गेला, हे कारण तर चालतच नाही. एनर्जी वॉचडॉग प्रकरणात (2017) इंडोनेशियाच्या कायद्यातल्या बदलाने आयात कोळसा महागला, तरी वीज कंपन्यांना त्यातून सुटका मिळाली नाही. पोलाद महाग झालं म्हणून मीही एकदा हा मुद्दा काढायला निघालो होतो.

8. किती मिळेल याचा हिशेब

भंग सिद्ध झाला म्हणजे मागाल ते मिळालं असं नाही. कलम 73 प्रमाणे भंगातून नैसर्गिकपणे होणारं, किंवा करार करताना दोघांना ठाऊक असलेलं नुकसान मिळतं. लांबचं आणि अप्रत्यक्ष मिळत नाही. मद्रास रेल्वे विरुद्ध गोविंदराव या 1898 च्या खटल्यात एका शिंप्याने उत्सवात धंदा करायचा म्हणून शिवणयंत्र आणि कापड रेल्वेने पाठवलं. ते उत्सव संपल्यावर पोचलं. बुडालेला नफा मिळाला नाही, कारण माल उत्सवासाठी जातोय हे त्याने रेल्वेला सांगितलंच नव्हतं. तुमच्यासाठी वेळेला खास महत्त्व असेल तर ते करारातच लिहा.

कलम 73 च्या स्पष्टीकरणात आणखी एक गोष्ट आहे: नुकसान कमी करायला तुमच्या हातात काय उपाय होते, तेही बघितलं जातं. हातावर हात ठेवून नुकसान वाढू दिलंत तर वाढीव भाग तुमचा.

दंडाची ठरावीक रक्कम करारात असली तरी कलम 74 प्रमाणे ती कमाल मर्यादा. त्याच्या आत वाजवी तेवढंच मिळतं. कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात (2015) दिल्ली विकास प्राधिकरणाने जप्त केलेली इसाऱ्याची रक्कम परत द्यावी लागली. भूखंड नंतर जास्त भावाने विकला गेला होता, नुकसान काहीच नव्हतं. मोजता येण्याजोगं नुकसान असेल तर ते सिद्ध करावं लागतं. अंदाज मांडताना मीही ‘मानसिक त्रास’ म्हणून एक आकडा घातला होता. वकिलांनी न बोलता त्यावर काट मारली.

9. दावा लावण्याआधीची कामं

*मुदत.* भरपाईच्या दाव्याला करार मोडल्यापासून 3 वर्षं. “देऊ, बघू” अशा तोंडी आश्वासनांनी ती वाढत नाही. मुदत संपण्याआधी समोरच्याने लिहून आणि सही करून देणं मान्य केलं, तर नवी मुदत सुरू होते.

*लवादाचं कलम.* शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात असतं. ते असेल आणि समोरच्याने वेळेत अर्ज केला तर न्यायालय प्रकरण लवादाकडेच पाठवतं.

*मुद्रांक.* पुरेसं मुद्रांक शुल्क भरलेलं नसेल तर करार पुराव्यात वाचला जात नाही. सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं की असा करार रद्द ठरत नाही. दोष दुरुस्त करता येतो. पण शुल्क आणि दंड भरण्यात महिने जातात.

*मध्यस्थी.* वाणिज्य न्यायालयाच्या कक्षेतला, 3 लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा वाद असेल आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल, तर आधी मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा आहे. तो न करता दावा लावला तर वादपत्रच फेटाळलं जातं. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरत नाहीत. आमची मध्यस्थी फिसकटली, पण समोरच्यांचा खरा आक्षेप काय आहे ते मला तिथेच पहिल्यांदा कळलं.

*नोटीस.* कलम, तारीख, रक्कम, पैसे देण्याची मुदत, एवढंच. विशेषणं नकोत. माझा एक जुना ईमेल होता: “थोडं किरकोळ बाकी आहे, पण बिल पास करा ही विनंती.” उलटतपासात तो माझ्या हातात देऊन विचारलं, “यातलं ‘बाकी’ म्हणजे काय?” मी सांगितलं, दोन बोल्टची टोपणं. “ते यात लिहिलंय का?” नव्हतं लिहिलं. म्हणून नोटिशीचा मसुदा एक रात्र बाजूला ठेवा, सकाळी समोरच्याचे वकील असल्यासारखा वाचा, आणि मगच पोचपावतीसह टपालाने पाठवा. ती पोचपावती फायलीत लगेच लावा, तिच्यावर पुढे कोर्टात पुरावा म्हणून निशाणी क्रमांक पडणार असतो.